दिडकी-अडीचकी

फलटण आणि कोलंबस ही दोन्ही गावं लोकसंख्येने सारखीच, पन्नास हजारांच्या आगेमागे. दोन्हीकडे चहूबाजूंनी शेती. इकडे ऊस, तिकडे मका आणि सोयाबीन. आणि दोन्हीकडे एकाच इंजिनावर पुष्कळ घरांच्या चुली पेटतात. कमिन्स कंपनी कोलंबसमध्ये १९१९ साली सुरू झाली, साठच्या दशकात पुण्यात आली आणि अलीकडे नीरा ओलांडून आमच्या तालुक्याच्या माळावर येऊन बसली. त्यामुळे आमच्याकडची पोरं ‘इंडियाना’ हे नाव ‘इंदापूर’च्या सहजतेने उच्चारतात. फरक इतकाच, की इंदापूरला जायला व्हिसा लागत नाही.

मुलगी कोलंबसला असते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, “ओहायो का?” ओहायोचं कोलंबस ते मोठं, राज्याची राजधानी. आमचं इंडियानातलं, धाकट्या पातीचं. त्या गावात जन्मलेले माइक पेन्स अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, तरी गावाला स्वतःच्या नावापुढे राज्याचं नाव लावल्याशिवाय भागत नाही. आम्ही फलटणकर या दुःखात सहभागी आहोत. प्रत्यक्ष शिवाजी महाराजांची सासुरवाडी आमची, सईबाई आमच्या गावच्या निंबाळकरांच्या. तरी मुंबईत ‘फलटण’ म्हटलं की ‘म्हणजे बारामतीजवळ ना?’ ऐकावं लागतं.

मी भूगोलाचा मास्तर. निवृत्त झालो तरी एका रेखांशाला चार मिनिटं हा हिशेब काही निवृत्त होत नाही. मुलगी लग्न होऊन तिकडे गेली, त्या रात्रीच मी नकाशाची वही काढली. फलटण पूर्वेला चौऱ्याहत्तर अंश आणि वर थोडं. कोलंबस पश्चिमेला शहाऐंशीला थोडं कमी. बेरीज एकशेसाठ अंश आणि चिल्लर. गुणिले चार. म्हणजे सूर्याला विचाराल तर बाप-लेकीत अंतर दहा तास एक्केचाळीस मिनिटांचं. पण सूर्याला विचारतो कोण? भारत सरकार आणि अमेरिकन सरकार मिळून सांगतात: उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा.

हा आकडा बायकोला समजावताना मी फळ्याची, खडूची आणि संयमाची बरीच नासाडी केली. ग्रिनिच झालं, आंतरराष्ट्रीय वार रेषा झाली, संत्र्यावर सुई टोचून झाली. ती शांतपणे संत्रं सोलून खाऊन म्हणाली, “एवढं कशाला? आपल्या घड्याळात हिवाळ्यात दीड मिळवायचा, उन्हाळ्यात अडीच, आणि दिवसाची रात्र करायची. झालं.” मी पडताळून पाहिलं. आपल्याकडे सकाळचे सात, दीड मिळवा, साडेआठ, दिवसाची रात्र करा: कोलंबसला आदल्या रात्रीचे साडेआठ. तंतोतंत. आमच्या पिढीला शाळेत दिडकी आणि अडीचकी पाठ करायला लावली ती नेमकी कशासाठी, हे मला साठीनंतर समजलं.

अर्ध्या तासाचं ओझं मात्र आपलंच. तिकडे गेलो होतो तेव्हा शेजारच्या गोऱ्या आजोबांनी कुतूहलाने विचारलं, की बाकी जग पूर्ण तासांनी चालतं, तुमचा हा अर्धा कुठून आला? मी म्हटलं, तडजोडीतून. इंग्रजांच्या काळात मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी, मद्रासची वेगळी. मग १९०६ च्या एक जानेवारीला मिर्झापूरजवळून जाणारा साडेब्याऐंशी अंशांचा रेखांश धरून साऱ्यांना एका घड्याळात बसवलं. मुंबईकर बसायला तयार नव्हते. त्यांच्या डोक्यावरचा सूर्य नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि मुंबईकराला कोणी घाई केलेली खपत नाही. मुंबई महापालिकेने ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत उराशी धरून ठेवला. आजोबा म्हणाले, “पन्नास वर्षं?” मी म्हटलं, “महापालिका आहे.” ते समजुतीने हसले. महापालिका सगळीकडे सारख्याच असाव्यात.

पण हसणाऱ्याच्या घरात डोकावलं, तर त्यांचं आमच्याहून भयंकर. इंडियाना राज्यात ब्याण्णव काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याएवढी भानगड. त्यातल्या ऐंशी एका वेळेत चालतात आणि बारा दुसऱ्या, एक तास मागे. म्हणजे नीरेच्या अलीकडे फलटणला दहा वाजले असताना पलीकडे बारामतीला नऊ. (ही कल्पना मी गावात बोलून दाखवली तेव्हा एकाने गंभीरपणे विचारलं, की मग पाटाचं पाणी आधी कोणाला सुटणार?) शिवाय बहुतेक इंडियानाने उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायला वर्षानुवर्षं नकार दिला होता. जवळजवळ सारी अमेरिका एप्रिलमध्ये तास पुढे ढकलायची आणि हे मक्याच्या शेतात हाताची घडी घालून उभे. शेवटी २००५ साली तिथल्या विधिमंडळाने कायदा केला आणि २००६ च्या एप्रिलपासून तेही रांगेत आले. त्याच वेळी नैऋत्येच्या पाच काउंट्यांनी आपली वेळ बदलून घेतली, दीडेक वर्ष ती वापरून पाहिली, आणि २००७ च्या नोव्हेंबरात पुन्हा मूळच्या वेळेत परतल्या. पसंत नाही पडली म्हणून दुकानात साडी बदलून आणतात, तसं त्यांनी सूर्याला बदलून आणलं.

हे सगळं कशासाठी, तर वीज वाचावी म्हणून. संध्याकाळी उजेड जास्त वेळ राहिला की दिवे उशिरा लागतील, असा साधा हिशेब. पण इंडियानातल्या काउंट्यांनी वेगवेगळ्या वेळी घड्याळं बदलल्यामुळे तुलनेला आयतीच सोय झाली, आणि दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथली विजेची बिलं तपासली. घरगुती वापर घटायच्या ऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढलेला निघाला. दिव्यांची वीज वाचली, पण उन्हाळी संध्याकाळी घरी आलेला माणूस एसी लावून बसला. हे वाचल्यावर आमच्या शेजारच्या तात्यांची मला फार आठवण झाली. ते नंतर सांगतो, कारण तात्यांची पाळी रात्रीची असते.

आम्ही दोघं तिकडे गेलो ते ऐन जूनमध्ये. कोलंबसचा खरा मध्यान्ह तेव्हा घड्याळात पावणेदोनच्या सुमारास होतो, आणि सूर्य मावळतो सव्वानऊच्या आसपास. फलटणला जूनमध्ये सातनंतर दहा-पंधरा मिनिटांत तो आपलं चंबूगबाळं आवरतो. हिची संध्याकाळ म्हणजे दिवेलागण: सांजवात, शुभंकरोती, आणि त्या वेळी कोणी झोपायचं नाही, केर काढायचा नाही, दार लावायचं नाही. मुलीच्या घरचा नियम असा, की नातीने बरोबर आठला अंथरुणात जायचं. बाहेर लख्ख ऊन, मुलं सायकली फिरवताहेत, आणि पोरीला जाड पडदे ओढून झोपवलेली. आजी दाराशी उभी राहून म्हणाली, “सूर्य डोळ्यांसमोर असताना लेकराला झोपवता?” मुलगी म्हणाली, “आई, आठ वाजलेत.” सव्वानऊला दिवेलागण झाली तेव्हा आजीने सांजवात लावली आणि आता झोपायचं नाही म्हणून नातीला उठवायला निघाली. त्या घरात त्या रात्री जे झालं त्याला भूगोलात व्याख्या नाही.

पेठेतल्या माझ्या जैन मित्राला मी हे फोनवर सांगितलं. ते सूर्यास्ताआधी जेवणारे. डिसेंबरात फलटणला त्यांना सहाच्या आत ताट आवरावं लागतं, दुकानात गिऱ्हाईक असलं तरी. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे तिथं रात्री नऊला पावभाजी खाल्ली तरी नियम मोडत नाही?” मी म्हटलं, नाही. त्यांनी कोलंबसमधल्या नोकऱ्यांची चौकशी सुरू केली. त्यांना मी डिसेंबरचं सांगितलं नाही.

उलट गोष्ट संकष्टीची. आपलं पंचांग सांगेल तो चंद्रोदय आपल्या गावचा. फलटणला चंद्र नऊ-साडेनऊला उगवतो तेव्हा कोलंबसला भर दिवस असतो, त्यामुळे तिकडच्या उपासाला तिकडचाच चंद्र लागतो. आणि जूनमध्ये, घड्याळ तासाने पुढे ढकललेलं, संध्याकाळ लांबलेली, तो चंद्र मध्यरात्रीच्या घरात उगवतो. हिने पहिली संकष्टी केली. नऊला सूर्यच मावळला नव्हता. दहाला आकाश निळंच. अकराला जावयाने भीत भीत सुचवलं, “आई, फलटणला चंद्र कधीच उगवून गेला, तो धरायचा का?” ती म्हणाली, “तो मावळला असेल आता.” भूगोलाच्या मास्तराची बायको असल्याने तिला वाद घालता येतो. जवळपास बारा वाजता, एका प्रचंड मोठ्या दुकानाच्या पार्किंगमधून, मक्याच्या शेतावर वर आलेला चंद्र आम्ही बघितला. मोदक गाडीच्या टपावर ठेवले होते. पोलिसाची गाडी हळूच बाजूने गेली, थांबली, आणि चार माणसं चंद्राला हात जोडून उभी आहेत असं पाहून काही न विचारता पुढे गेली.

गाव म्हणाल तर देखणं. कमिन्सचे एक प्रमुख, जे. आयर्विन मिलर, यांना वाटलं की आपल्या छोट्या गावातल्या सार्वजनिक इमारती उत्तम वास्तुविशारदांनी बांधाव्यात. कंपनीची संस्था त्यांची फी भरेल. आज तिथलं एक चर्च एलिएल सारिनेनचं, वाचनालय आय. एम. पेई यांचं (पुढे ज्यांनी पॅरिसच्या लूव्रसमोर काचेचा पिरॅमिड उभा केला ते हेच), आणि त्याच्यासमोर हेन्री मूरची भलीमोठी कमान. आगीचे बंब ठेवायचं एक ठाणंसुद्धा रॉबर्ट व्हेंचुरीचं. वॉशिंग्टन रस्त्यावर झहाराकोस नावाचं १९०० सालचं आइस्क्रीमचं दुकान आहे, तिथे जुना यांत्रिक वाद्यवृंद आपोआप वाजतो. सगळं वाखाणण्यासारखं. पण हिने वाचनालयासमोर उभं राहून विचारलं, “माणसं कुठायत?” संध्याकाळचे सहाच वाजले होते, ऊन भरपूर होतं, आणि रस्ता मोकळा. ती सगळी घरी जेवत होती. त्याच उन्हात आमच्या नाना पाटील चौकात दुपारच्या झोपेतून नुकत्याच उठलेल्या दुकानांची शटरं वर जात असतात आणि जेवणाला चार तास अवकाश असतो.

वेळ पाळण्याच्या बाबतीत मात्र बोलायची सोय नाही. नातीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचं निमंत्रण आलं. त्यावर छापलेलं: दुपारी दोन ते चार. हिने ते दोनदा वाचून घेतलं. “या म्हणून सांगतात ते ठीक. जा म्हणूनही पत्रिकेतच छापतात?” आमच्याकडे लग्नपत्रिकेवर बारा वाजून सदतीस मिनिटं छापतात, अक्षता पडतात दीडला, आणि पाहुणे जातात ते पुढच्या मुहूर्ताचं वऱ्हाड दारात आल्यावर. मी जावयाला समजावलं, की आपला मुहूर्त आणि फलटणचा खरा सूर्य यांच्यातच मुळात बत्तीस मिनिटांचा फरक आहे, कारण घड्याळ मिर्झापूरचं आणि अक्षता फलटणच्या. तो म्हणाला, “बाबा, मग उरलेली एकवीस मिनिटं कोणाची?” इंजिनिअर जावई करू नये.

मी माझ्या गावाची बाजू सोडत नाही. साऱ्या जगात रेल्वे आली आणि रेल्वेने लोकांना एक वेळ पाळायला लावलं. अमेरिकेत १८८३ सालच्या १८ नोव्हेंबरला आगगाडीवाल्यांनी गावोगावची घड्याळं एकदम बदलली, तेव्हा काही गावांत एकाच दिवशी दोनदा दुपारचे बारा वाजले. आमच्या फलटणला पुण्याहून पहिली गाडी आली २०२१ च्या मार्चमध्ये. म्हणजे आम्ही एकशे सदतीस वर्षं उशिरा वेळ शिकायला बसलोय. तोवर आमचा सारा व्यवहार एसटीवर होता, आणि एसटी वेळ शिकवत नाही, वैराग्य शिकवते.

आणि आमच्याकडे वेळ पाळतच नाहीत असंही नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आषाढी वारीत दरवर्षी फलटणच्या विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला येते. विसावा कुठे, जेवण कुठे, मुक्काम कुठे, सगळं महिने आधी छापलेलं, आणि लाखो माणसं पायी चालत त्याप्रमाणे पोचतात. पालखी तळावर येते तेव्हा कोलंबसला सकाळ असते. मुलगी ऑफिसात एका पडद्यावर काम आणि दुसऱ्यावर समाजआरती लावून बसते. पायी चालणाऱ्याला जेटलॅग होत नाही, ही त्या सोहळ्याची आणखी एक थोरवी. आम्ही विमानाने परत आलो तेव्हा ही आठवडाभर पहाटे अडीचला उठून पोळ्यांची कणीक मळत होती.

आता तात्या. अमेरिकेत वीज वाचवायला माणसांची घड्याळं हलवतात. आमच्याकडे घड्याळाला कोणी हात लावत नाही, माणूसच हलवतात. शेतीची थ्री-फेज लाईट कधी दिवसाच्या पाळीची, कधी रात्रीची. रात्रीची असली की तात्या बॅटरी, काठी आणि रबरी बूट घेऊन बाराला उसात दारं धरायला जातात आणि उजाडताना येऊन झोपतात. त्या आठवड्यात तात्या फलटणमध्ये राहत असले तरी चालतात कोलंबसच्या वेळेवर. हे प्रथम आमच्या मुलीच्या लक्षात आलं. नात शाळेतून घरी येते तेव्हा इथे रात्रीचे दोन-अडीच. त्या वेळी साऱ्या फलटणमध्ये जागं कोण? तात्या. मोटर चालू करून बांधावर बसलेले, हातात मोबाईल, पाणी सरीच्या शेवटाला पोचायला अवकाश.

तेव्हापासून त्यांची मैत्री जमली. तात्या तिला व्हिडिओवर बेडूक दाखवतात, विहीर दाखवतात, एकदा तर रानडुकराचे डोळे दाखवले. ती त्यांना गणितं विचारते, ते उसाच्या टनांत उत्तरं देतात. आम्ही सख्खे आजी-आजोबा तिला गाठायला उन्हाळ्यात पहाटे पाचला उठतो, कारण तेव्हा तिचे रात्रीचे साडेसात आणि झोपायला अर्धा तास बाकी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ मागे आलं की आम्हाला सहाला उठलं तरी चालतं. ऐन थंडीत फलटणच्या म्हाताऱ्यांना एक तास जास्त झोपू देणारं अमेरिकन सरकारच, याबद्दल मी त्यांना मनोमन धन्यवाद देतो. मार्चचा दुसरा रविवार आला की परत घेतो.

एक गोंधळ मात्र झाला. नातीच्या शाळेत ‘आजोळ’ हा विषय देऊन चित्र काढायला सांगितलं. तिने भारत काढला: सगळा कागद काळा, मधोमध बॅटरीचा एक पिवळा गोल, त्यात एक बेडूक आणि मिशा. बाईंनी काळजीने आईला बोलावून घेतलं. नातीचं म्हणणं, भारतात कायम रात्रच असते, तिने स्वतः पाहिलंय. पहाटे पाचला आम्ही दिसतो तेव्हाही खिडकीत काळोखच.

दरम्यान अमेरिकेच्या सेनेटने २०२२ च्या मार्चमध्ये घड्याळ कायमचं पुढेच ठेवायचं विधेयक एकमताने मंजूर केलं; पुढे दुसऱ्या सभागृहात ते अडून राहिलं. मी घरी वाचून दाखवलं, तर हिचा एकच प्रश्न: “म्हणजे कायम अडीच?” हो म्हटलं. “पाचलाच उठायचं मग, थंडीतसुद्धा?” हो. ती म्हणाली, “पडू दे ते विधेयक.”

आपल्याकडेही बदल होऊ घातलाय. शेतीला सौरऊर्जेवर दिवसा वीज द्यायची सरकारची योजना आहे, आणि आमच्या भागात तिच्याबद्दल बोललं जातंय. मी पेपर घेऊन तात्यांकडे गेलो. सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे त्यांची मध्यरात्र. त्यांना उठवून बातमी सांगितली: आता रात्रीची दारं नाहीत, विंचूकाटा नाही, दिवसा उजेडी पाणी. त्यांनी डोळे चोळत पेपर उलटासुलटा केला, बराच वेळ काही बोलले नाहीत.

“चांगलं हाय की,” शेवटी म्हणाले. “पण मास्तर, माझी अमेरिका बंद झाली म्हणायची.”

मग उशाचा मोबाईल काढून माझ्या हातात दिला. “दिवसाचं कितीला भेटंल ती? तुमच्या घरच्यांचं ते दीड-अडीच काय असतं, तेवढं लावून बघा.”

मी लावून बघितलं. दिवसाच्या पाळीत नात एक तर शाळेत, नाही तर झोपलेली. राहता राहिला पहाटेचा पाच ते साडेपाचचा अर्धा तास, आणि तो आमचा होता. तसं मी स्पष्ट सांगितलं. तात्या म्हणाले, “मग वाटणी करा. एक दिवसाआड. पाटाच्या पाण्याची करता येती, पोरीची का न्हाई?” त्यावर हिचं म्हणणं असं, की पाळी ठरवायचीच तर आधी सख्ख्यांचा हक्क. तात्यांचं म्हणणं, वहिवाट त्यांची आहे, सलग रात्रींची. प्रकरण सध्या प्रलंबित आहे, आणि सौर योजनेला उशीर होतोय म्हणून आमच्या आळीत कोणी तक्रार करत नाही.